काळी नाणी, उजळती पेशी : एका वायूला ओळखण्याचा इतिहास

दिवाळी जवळ आली की देव्हाऱ्यातली चांदीची निरांजने, वाट्या, अत्तरदाणी घासायला निघतात. वर्षभरात त्यांच्यावर चढलेला काळा थर धुळीचा नसतो आणि काजळीचाही नसतो. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. त्यातले गंधक चांदीला चिकटते आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा पापुद्रा तयार होतो. हाच वायू पादेलोणाला, म्हणजे काळ्या मिठाला, त्याचा खास वास देतो. नासलेल्या अंड्याचा वास याचाच. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकलेल्या वाचकांना प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातले किपचे उपकरण आठवत असेल. त्यातून निघणारा, कपड्यांना घरापर्यंत चिकटून येणारा वायूही हाच.

हायड्रोजनचे दोन अणू आणि गंधकाचा एक, इतकाच हा रेणू. तो हवेपेक्षा थोडा जड आहे, रंगहीन आहे आणि अतिशय विषारी आहे. मला या लेखात सांगायचा आहे तो त्याला ओळखण्याच्या साधनांचा इतिहास. मी औद्योगिक आजारांच्या इतिहासावर वाचन करत असताना या विषयापाशी आलो आणि अडकलो, कारण या वायूची एक विलक्षण खोड आहे. १० कोटी भाग हवेत याचा १ भाग असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. पण हेच प्रमाण दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांत नाकाची संवेदना बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास गेला म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते. प्रमाण दहा लाखात ७०० ते १००० भागांवर गेले तर शुद्ध हरपते आणि श्वास बंद पडतो. म्हणजे किरकोळ धोक्याच्या वेळी नाक ओरडून सांगते आणि प्राणांतिक धोक्याच्या वेळी गप्प बसते. म्हणून या वायूसाठी नाकाखेरीज दुसरा साक्षीदार शोधणे भाग पडले. तो शोध ३०० वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

*

त्याची पहिली नोंद मला सापडते ती इटलीतल्या मोदेना शहरात. बर्नार्दिनो रामाझ्झिनी हे तिथले वैद्य आणि वैद्यकाचे प्राध्यापक. कारागिरांना त्यांच्या धंद्यामुळे होणाऱ्या आजारांवरचा त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. या विषयावरचा हा पहिला पद्धतशीर ग्रंथ मानला जातो. विल्मर केव्ह राइट यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९४० साली निघाले. मी वाचले ते हे भाषांतर.

मोदेनात त्या काळी घरोघरच्या शौचकूपांचा उपसा ठरावीक वर्षांनी होत असे. रामाझ्झिनींच्या स्वतःच्या घरी असा उपसा चालला असताना एक कामगार जीव तोडून, घाईघाईने काम करताना त्यांना दिसला. इतकी घाई कशाला, असे त्यांनी विचारले. त्या माणसाने सांगितले की या खड्ड्यात फार तास राहिले तर डोळे जातात. काम संपले की हे लोक कोमट पाण्याने डोळे धूत आणि दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहत. रामाझ्झिनींनी चौकशी केली, तेव्हा पूर्वी हेच काम करणारे आणि आता अर्धवट किंवा पूर्ण आंधळे होऊन भीक मागणारे लोक त्यांना शहरात आढळले.

याच प्रकरणात ते एक बारीक नोंद करतात. या कामगारांच्या खिशातली तांब्याची आणि चांदीची नाणी काळी पडतात, ही ती नोंद. त्यावरून त्यांनी तर्क केला की खड्ड्यातून एखादे उडून जाणारे आम्ल निघत असावे आणि तेच डोळ्यांना भिडत असावे. वायूंचे रसायनशास्त्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते. स्वीडनमधले औषधविक्रेते कार्ल विल्हेल्म शीले यांनी या दुर्गंधी वायूचे वर्णन प्रसिद्ध केले ते १७७७ मध्ये. फ्रान्सच्या बर्तोले यांनी हा वायू ऑक्सिजन नसतानाही आम्लासारखा वागतो हे १७९६ च्या सुमारास दाखवले. म्हणजे रामाझ्झिनींचा उडणाऱ्या आम्लाचा तर्क जवळजवळ शंभर वर्षे आधीचा आणि बराच बरोबर होता. तो त्यांना सुचला कामगाराच्या खिशातल्या नाण्यामुळे. या वायूचे पहिले शोधक साधन म्हणून मी त्या नाण्याकडे पाहतो. वायू धातूला भिडतो, रंग बदलतो आणि तो बदल डोळ्यांना दिसतो. पुढच्या सगळ्या साधनांचे तत्त्व हेच आहे.

*

वासावर विसंबण्याचा धोका पॅरिसमध्ये १७८२ साली एका जाहीर प्रयोगात दिसला. तिथले शौचकूप उपसणारे कामगार खड्ड्यात उतरताच कोसळत. या झटक्याला त्यांनी ‘प्लाँ’, म्हणजे शिसे, असे नाव दिले होते. छातीवर शिशाचे ओझे पडावे तसे वाटते म्हणून ते नाव. डोळ्यांच्या जळजळीला त्यांचा ‘मित’ हा वेगळा शब्द होता. वैज्ञानिकांच्या आधी कामगारांच्या बोलीने या वायूच्या दोन परिणामांत फरक केला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या वर्षी जानँ नावाच्या गृहस्थांनी दावा केला की खड्ड्यात व्हिनेगर ओतले की दुर्गंधीही जाते आणि विषारी बाधाही टळते. परीक्षेसाठी विद्वानांचे मंडळ नेमले गेले. त्यात आधुनिक रसायनशास्त्राचे जनक मानले जाणारे लव्हाझिए होते आणि झाँ-नोएल हाले हे वैद्यही होते. व्हिनेगर ओतले गेले, उपसा सुरू झाला आणि एक कामगार त्यात मेला. हाले यांनी या खड्ड्यांच्या विषारी वाफांवर १७८५ मध्ये पुस्तक लिहिले. दुर्गंधी झाकली म्हणून विष निघून जात नाही, हा धडा त्या प्रयोगातून मिळाला. परीक्षेचे साधन म्हणून तिथे वापरले गेले होते ते एका माणसाचे शरीर.

*

१९ व्या शतकात हे साधन शरीराबाहेर आले. शिशाच्या ॲसिटेटच्या द्रावणात भिजवलेला कागद या वायूच्या संपर्कात आला की लेड सल्फाइड तयार होऊन तपकिरी-काळा पडतो. साधा, स्वस्त आणि बऱ्यापैकी खात्रीचा कागद. हॉलंडमधल्या डेल्फ्टचे पेत्रुस याकोबुस किप यांनी १८४० च्या दशकात आपले काचेचे उपकरण बनवले. आयर्न सल्फाइडचे तुकडे आणि सौम्य आम्ल यांतून हवा तेव्हा वायू मिळवायचा आणि तोटी बंद केली की थांबवायचा, अशी त्याची सोय. धातूंच्या क्षारांतून तो वायू सोडला की कोणाचा साका काळा, कोणाचा पिवळा, कोणाचा नारिंगी पडतो. त्यावरून धातू ओळखण्याची पद्धत आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. शोधायचा पदार्थच इथे शोधणारा झाला होता.

कागद काळा पडतो, पण किती वायू होता हे नेमके सांगत नाही. ती अडचण सुटण्याचा मार्ग रंगांच्या कारखानदारीतून आला. हाइनरिख कारो यांनी १८७६ मध्ये जर्मनीत मेथिलीन ब्लू हा निळा रंग बनवला. १८८३ मध्ये एमिल फिशर यांनी दाखवले की एका विशिष्ट अमाइनचे आम्लयुक्त द्रावण आणि फेरिक क्लोराइड यांच्यात हायड्रोजन सल्फाइड मिसळला तर हाच निळा रंग तयार होतो. वायूतले गंधक थेट त्या रंगाच्या रेणूत जाऊन बसते. निळाई जितकी गडद तितका वायू जास्त. रंगाची गडदता मोजता येते, म्हणून वायूही मोजता येऊ लागला. पाणी, सांडपाणी, कारखान्यातली हवा यांच्या तपासणीत ही पद्धत शतकभर टिकली आणि अजूनही वापरात आहे.

*

तोपर्यंत हायड्रोजन सल्फाइड म्हणजे विष, यात कोणालाच शंका नव्हती. पेशी ऑक्सिजन वापरतात त्या साखळीच्या शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर असते. हा वायू त्यालाच अडवतो. फुफ्फुसात हवा जाते, रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही.

१९८९ मध्ये कॅनडातील संशोधक या विषबाधेचा अभ्यास करत होते. वायू दिलेल्या उंदरांच्या मेंदूत सल्फाइड किती साचते हे त्यांना पाहायचे होते. तुलनेसाठी वायू न दिलेले उंदीरही घेतले होते आणि त्यांच्या मेंदूतही सल्फाइड सापडले. १९९६ मध्ये टोकियोच्या हिदेओ किमुरा आणि काझुहो आबे यांनी मांडले की मेंदूतले एक विकर हा वायू स्वतः तयार करते आणि चेतापेशींच्या कामात त्याची भूमिका असावी. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू तेव्हा गाजत होता. त्याच्या शोधासाठी १९९८ मध्ये तिघांना नोबेल मिळाले. पाठोपाठ कार्बन मोनॉक्साइडचे नाव आले. २००२ मध्ये कॅनडातील रुई वांग यांनी हायड्रोजन सल्फाइड हा संदेश वाहणारा तिसरा वायू असू शकेल का, असा प्रश्न लेखाच्या शीर्षकातच विचारला. २००८ मध्ये त्यांच्या गटाने, हा वायू बनवणारे विकर काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढतो, असे दाखवले. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठातल्या गटाने लसणीतल्या गंधकयुक्त पदार्थांपासून तांबड्या रक्तपेशी हा वायू तयार करतात, असे नोंदवले होते.

गटारातला मारेकरी शरीरातला निरोप्या निघाला होता. विष आणि निरोप यांच्यातला फरक फक्त प्रमाणाचा होता. म्हणून प्रमाण नेमके किती, या प्रश्नाला आता वेगळेच महत्त्व आले.

*

इथे जुन्या साधनाने घोळ घातला. मेंदूत ५० ते १६० मायक्रोमोलर इतके सल्फाइड असते, असे आकडे शोधनिबंधांतून एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. रक्तातही दहा-वीस ते शंभर मायक्रोमोलरच्या घरातले आकडे रूढ झाले. बहुतेक मोजमापे फिशरच्या निळ्या रंगावर किंवा त्यासारख्या पद्धतींवर आधारलेली होती. त्या पद्धतीला तीव्र आम्ल लागते. शरीरातल्या अनेक प्रथिनांत लोह आणि गंधक एकत्र बांधलेले असतात. आम्ल ओतले की ते बांधलेले गंधक सुटते आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो. म्हणजे जो वायू मोजायचा तो मोजणाराच तयार करत होता.

२००८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे आकडे पुन्हा तपासले. केनेथ ओल्सन आणि सहकाऱ्यांनी रक्ताचे आकडे तपासले, तर फर्न, सईद आणि लेव्हिट यांनी ऊतींतले. दुसऱ्या गटाला उंदराच्या मेंदूत आणि यकृतात मुक्त वायू मिळाला तो फक्त १५ नॅनोमोलरच्या आसपास. रूढ आकड्यांपेक्षा हे हजारो पटींनी कमी होते. या वादात सर्वांत साधा युक्तिवाद नाकाचाच होता. रक्तात खरोखर इतका वायू असता तर ताज्या रक्ताला सडक्या अंड्याचा वास यायला हवा होता, आणि तसा तो येत नाही. ज्या नाकावर गटारात विसंबायचे नसते, त्याच नाकाने इथे मोजमापाची चूक दाखवून दिली.

पेशी न फोडता, आम्ल न ओतता, ती जिवंत असतानाच हा वायू पाहता आला पाहिजे, ही गरज आता स्पष्ट झाली. त्यासाठी लागणारी विद्या दुसऱ्याच वाटेने आधीच तयार झालेली होती. ती विद्या उजेडाची होती.

*

क्विनीनच्या पाण्यावर ऊन पडले की त्यातून निळसर उजेड फुटतो, हे जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवले. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी त्याचे कारण मांडले. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषतात आणि त्याहून कमी ऊर्जेचा, वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. मराठीत याला अनुस्फुरण म्हणतात. रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या झगझगीत पोपटी जॅकेटांत आणि लिखाणावर ओढायच्या हायलायटरमध्ये असेच रंग असतात. आडोल्फ फोन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुओरेसीन हा असा रंग बनवला. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी इमेंडिंगेनजवळ जमिनीत जिरते तिथे १० किलो फ्लुओरेसीन ओतले गेले. सुमारे अडीच दिवसांनी मैलोगणती दूर आख नदीच्या झऱ्यात हिरवेगार पाणी निघाले आणि डॅन्यूबचे पाणी जमिनीखालून ऱ्हाइनच्या खोऱ्यात जाते हे सिद्ध झाले. न दिसणाऱ्या वाटेवर उजेडाचा माग काढण्याची कल्पना तेव्हापासूनची.

१९८० च्या दशकात रॉजर त्सिएन यांनी ती कल्पना पेशीत नेली. कॅल्शियम चिकटले तरच चमक बदलेल असे रेणू त्यांनी रचले आणि जिवंत पेशीत कॅल्शियमच्या लाटा दिसू लागल्या. अशा रेणूला इंग्रजीत प्रोब म्हणतात. आपण त्याला शोधक रेणू म्हणू. कॅल्शियमसाठी झाले ते हायड्रोजन सल्फाइडसाठी करायला आणखी तीस वर्षे गेली, कारण इथे गर्दीची अडचण होती. पेशीत ग्लुटाथायॉनसारखे गंधकयुक्त रेणू या वायूच्या हजारो पट, काही वेळा त्याहूनही जास्त असतात आणि त्यांचे रासायनिक वागणे बरेचसे सारखे असते. पंढरीच्या वारीत एका विशिष्ट वारकऱ्याला हुडकून काढावे, आणि तेही सगळ्यांच्या डोक्यावर तीच टोपी असताना, अशातली ही गत.

२०११ या एका वर्षात किमान पाच गटांनी यावर उत्तरे प्रसिद्ध केली. त्यांच्या युक्त्या तीन प्रकारच्या होत्या.

पहिली युक्ती कुलुपाची. बर्कलेच्या क्रिस्टोफर चँग यांच्या गटाने रोडामाइन या चमकदार रंगाच्या टोकाला नायट्रोजनच्या तीन अणूंची साखळी, म्हणजे अझाइड, जोडली. ती असेपर्यंत रेणू मिटलेला राहतो आणि चमकत नाही. हायड्रोजन सल्फाइड अझाइडचे रूपांतर अमाइनमध्ये करतो, रेणू उघडतो आणि हिरवा उजेड देतो. ग्लुटाथायॉनला हे कुलूप त्या वेगाने उघडता येत नाही. अटलांटाच्या बिंगहे वांग यांच्या गटाने हीच युक्ती दुसऱ्या रंगावर वापरून रक्तातला वायू मोजण्याचा मार्ग सुचवला.

दुसरी युक्ती दोन हातांची. हायड्रोजन सल्फाइडमधल्या गंधकावर हायड्रोजनचे दोन अणू असल्यामुळे तो एकाच रेणूवर लागोपाठ दोनदा हल्ला करू शकतो. ग्लुटाथायॉनचा एकच हात मोकळा असतो. मिंग शिआन आणि चुआन हे यांच्या गटांनी असे रेणू रचले की पहिला हल्ला कोणीही करो, उजेड पडतो तो दुसरा हल्ला झाला तरच.

तिसरी युक्ती तांब्याची. टोकियोच्या तेत्सुओ नागानो यांच्या गटाने चमकणाऱ्या रेणूजवळ तांब्याचा एक आयन पकडून ठेवला. तांबे जवळ असेपर्यंत चमक दबलेली राहते. सल्फाइड आले की ते तांब्याला ओढून घेते आणि रेणू उजळतो. ही रचना मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा मला मोदेनातले नाणे आठवले. सल्फाइडची तांब्याशी तीच जुनी जवळीक. खिशातल्या नाण्यावर तिच्यामुळे काळोखी चढली होती, इथे तिच्यामुळे उजेड पडतो.

२०१३ मध्ये चँग यांच्या गटाने पेशीत शिरल्यावर बाहेर न झिरपणारा, अधिक संवेदनशील शोधक रेणू बनवला. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या मानवी पेशींना वाढीचा संदेश दिला की त्या स्वतः हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. बाहेरून वायू घातलेला नव्हता. पेशीने आपण होऊन केलेले काम उजेडाच्या रूपात दिसत होते.

आपल्याकडेही या वायूवर गंभीर काम चालते. पुण्याच्या आयसरमधील हरिनाथ चक्रपाणि यांचा गट ठरावीक परिस्थितीतच हायड्रोजन सल्फाइड सोडणारे रेणू रचतो. जिवाणूंना प्रतिजैविकांपासून वाचवण्यात या वायूचा हात कितपत आहे, याचाही त्यांनी अभ्यास केला आहे. सोडणारे रेणू आणि शोधणारे रेणू ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत.

*

या उजळत्या चित्रांना भुलून चालत नाही. यातले बरेचसे शोधक एकदा पेटले की विझत नाहीत. म्हणून त्यांच्या उजेडावरून आत्ता किती वायू आहे हे कळत नाही. आतापर्यंत एकूण किती येऊन गेला एवढेच कळते. शोधक रेणू वायूशी संयोग पावतो, म्हणजे जो निरोप ऐकायचा तोच थोडा खर्च करतो. अझाइडचे कुलूप तीव्र प्रकाशानेही तुटू शकते. मग सूक्ष्मदर्शकाच्या लेझरनेच दिवा लागतो आणि वायू नसताना असल्याचा भास होतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक नेहमी जोडीला दुसरी पेशी ठेवतात. तिच्यात वायू बनवणारे विकर बंद केलेले असते. तिथेही उजेड पडला तर तो खोटा समजायचा. फिशरच्या आम्लाने जे केले ते नव्या साधनांकडून नकळत होऊ नये यासाठी ही खबरदारी असते.

*

इथवरचा इतिहास प्रगतीचा आहे. तो गटारात सुरू झाला आणि पेशीच्या आत, एका मीटरच्या दहा लाखाव्या भागांच्या मापात, पोचला. पण ज्या माणसाच्या खिशातल्या नाण्याने हे ज्ञान दिले, त्याच्यापर्यंत ते परत पोचले का? महाराष्ट्रात राहून हा प्रश्न टाळता येत नाही.

मैल्याच्या टाकीत किंवा भूमिगत गटारात ऑक्सिजन संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो गाळात अडकून राहतो. माणूस आत उतरून गाळ ढवळतो तेव्हा तो एकदम मोकळा होतो. म्हणून उतरताना फारसा वास न आलेल्या टाकीतही काही मिनिटांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि त्याच्यामागे तिसरा. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतून अशा बातम्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर येत राहतात. मरणाऱ्यांत दलित कुटुंबांतली माणसे मोठ्या प्रमाणावर असतात. हे काम कोणाच्या वाट्याला आले हे जातीने ठरवले आणि अजूनही बहुतांशी तीच ठरवते.

विहिरीत उतरण्याआधी कंदील खाली सोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ऑक्सिजन कमी असेल तर ज्योत विझते, एवढे तिने कळते. हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतका असला तरी ज्योत तेवत राहू शकते. त्यासाठी वेगळी परीक्षा लागते आणि ती माहीत नाही असे नाही. शिशाच्या ॲसिटेटचा ओला कागद मॅनहोलमध्ये सोडून पाहण्याची परीक्षा मलनिस्सारणाच्या नियमपुस्तिकांत सांगितलेली आहे. आज त्याहून सोपे साधन मिळते. तळहातावर मावणाऱ्या यंत्रात छोटा विद्युत-रासायनिक घट असतो. वायूचे प्रमाण दहा लाखात १० भागांच्या आसपास गेले की ते मोठ्याने वाजते. त्याला अनुस्फुरण लागत नाही आणि नोबेलच्या तोडीचे डोकेही लागत नाही.

हाताने मैला साफ करण्याच्या कामास बंदी घालणारा आणि त्या कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा २०१३ मध्ये झाला. त्याच वर्षीच्या नियमांत संरक्षक साधनांची लांबलचक यादी आहे आणि चार वायू मोजणारे यंत्र तिच्यात नावानिशी नोंदलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली आणि हे काम पूर्णपणे बंद करण्याच्या दिशेने निर्देश दिले. भरपाईचा आकडा वाढत गेला. तो लागू होतो माणूस मेल्यानंतर. यंत्राचा उपयोग असतो माणूस उतरण्याआधी.

विज्ञानाच्या इतिहासात आपण साधनांची संवेदनशीलता मोजतो. नाण्यापेक्षा कागद सरस, कागदापेक्षा निळा रंग, निळ्या रंगापेक्षा उजळणारा रेणू. ही चढण खरी आहे आणि ती चढणाऱ्यांचे श्रम मोठे आहेत. या वायूच्या बाबतीत मला आणखी एक माप लागू करावेसे वाटते. साधन नेमके कोणाच्या हातात आहे, हे ते माप. त्या मापाने पाहिले तर पॅरिसमधल्या १७८२ च्या त्या खड्ड्यापासून आपण फार दूर आलेलो नाही. तिथे विद्वान काठावर उभे होते आणि परीक्षा उतरणाऱ्याच्या शरीरावर झाली. आपल्याकडे मुकादम, ठेकेदार किंवा सोसायटीचा पदाधिकारी काठावर उभा असतो.

रामाझ्झिनींनी आपल्या ग्रंथात वैद्यांना एक सूचना केली होती. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांच्या जुन्या यादीत त्याचा धंदा कोणता, हा प्रश्नही घालावा, अशी ती सूचना. त्यांनी शौचकूप उपसणाऱ्यांसाठी उपायही सुचवला होता. तोंडावर पातळ पारदर्शक पिशव्या बांधाव्यात, म्हणजे दिसेल आणि डोळे वाचतील. तो उपाय आज हास्यास्पद वाटेल, पण त्यांनी तो सुचवला होता काम करणाऱ्याच्या अंगावर घालण्यासाठी. आज करायचे ते त्याहून सोपे आहे. माणसाला उतरवायचेच नाही, यंत्राने उपसायचे. आणीबाणीत उतरावेच लागले तर आधी झाकणे उघडून वारा खेळू द्यायचा. मग वायुमापक दोरीला बांधून तळापर्यंत सोडायचा, वर काढायचा, आकडा वाचायचा. आकडा वाचणारा आणि उतरणारा यांच्यात उतरणाऱ्याचा शब्द शेवटचा मानायचा.